मान वाकडी होऊन आखडते तेव्हा: ओळख, घरगुती उपचार आणि डॉक्टरांकडे जाण्याची वेळ

मान एका बाजूला वाकून आखडली की बहुतेक लोक दोनपैकी एक मार्ग धरतात. काहीजण ती झटका देऊन सरळ करून देणारा माणूस शोधू लागतात, तर काहीजण पट्टा बांधून दोन-चार दिवस अंथरुणाला खिळून राहतात. पहिला मार्ग धोक्याचा आहे आणि दुसऱ्याने दुखणे लांबते. मान लचकण्याचा नेहमीचा प्रकार वेदना कितीही असली तरी मुळात साधा असतो. त्यात वेदना आटोक्यात ठेवणे आणि मान तिला झेपेल तेवढी पहिल्याच दिवसापासून हलवत राहणे एवढ्यावर काम भागते. मात्र वाकडी मान हे काही वेळा निराळ्या, गंभीर आजाराचे लक्षण असते. त्यामुळे उपचाराला हात घालण्यापूर्वी आपली मान कोणत्या प्रकारात मोडते हे पाहून घेणे ही पहिली पायरी समजावी.

मानेत नेमके काय घडते

मानेत 7 मणके असतात आणि त्यांच्यावर साधारण साडेचार ते पाच किलो वजनाचे डोके तोललेले असते. डोके डावी-उजवीकडे वळवण्याची जवळपास निम्मी क्षमता सर्वांत वरच्या दोन मणक्यांमधील सांध्यातून येते आणि उरलेली खालच्या मणक्यांमध्ये वाटली गेलेली असते. प्रत्येक दोन मणक्यांच्या मागच्या बाजूला, डावीकडे आणि उजवीकडे, बोटाच्या पेराहूनही लहान असे सांधे असतात. रात्रभर मान एकीकडे मुरगळून राहिली, किंवा बेसावध असताना ती झटक्याने वळली, तर यांपैकी एखाद्या सांध्याला किंवा त्याच्या आवरणाला ताण बसतो. त्या जागेचे रक्षण करण्यासाठी आजूबाजूचे स्नायू घट्ट आवळले जातात. आवळलेल्या स्नायूंमुळे वेदना वाढते आणि वाढलेल्या वेदनेमुळे स्नायू आणखी आवळतात. उपचाराचा सगळा रोख हे चक्र मोडण्यावर असतो, आणि मान जोर लावून सरळ केल्याने ते कधीही मोडत नाही.

या दुखण्यात एक मोठा स्नायू पुन्हा पुन्हा चर्चेत येतो. कानामागच्या हाडाच्या उंचवट्यापासून निघून तो मानेवरून तिरका खाली उतरतो आणि छातीच्या मधल्या हाडाला व कॉलरबोनला जोडला जातो. त्याचे नाव स्टर्नोक्लिडोमॅस्टॉइड. उजव्या बाजूचा हा स्नायू आवळला की उजवा कान उजव्या खांद्याकडे झुकतो, पण चेहरा मात्र डावीकडे वळतो. झोपेतून उठल्यावर धरलेल्या मानेत बरेचदा याहून खोलवरचे स्नायू आणि सांधे गुंतलेले असतात आणि डोके दुखऱ्या बाजूपासून दूर झुकते. खांद्याच्या फऱ्याच्या वरच्या कोपऱ्यापासून मानेपर्यंत जाणारा स्नायू दाबून पाहिल्यास तो दोरीसारखा ताठ लागतो आणि तिथेच नेमकी कळ असते.

घरी उपचार सुरू करण्याआधी

खालीलपैकी एकही गोष्ट लागू होत असेल, तर मान चोळणे, शेकणे किंवा व्यायाम करणे बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना गाठावे.

पडणे, वाहनाचा अपघात, पाण्यात सूर मारताना डोके आपटणे अशा कोणत्याही इजेनंतर मान वाकडी झाली असेल, तर मणक्याला दुखापत नाही याची खात्री होईपर्यंत मान अजिबात हलवू नये. हातापायांत अशक्तपणा किंवा बधिरपणा येणे, चालताना तोल जाणे, हातातून वस्तू निसटणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे ही मज्जारज्जूवर दाब आल्याची चिन्हे असू शकतात. संधिवाताचा, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचा जुना आजार, डाउन सिंड्रोम, हाडे ठिसूळ होण्याचा आजार किंवा पूर्वी झालेला कर्करोग असलेल्या व्यक्तींनी मानेच्या नव्या दुखण्यावर स्वतःच्या मनाने काहीही करू नये. या आजारांत वरच्या मणक्यांची पकड सैल झालेली किंवा हाड कमकुवत झालेले असू शकते.

ताप आणि मानेचे आखडणे एकत्र आले तर विशेष सावध राहावे. नेहमीच्या लचकलेल्या मानेत एका बाजूला वळताना किंवा झुकताना त्रास अधिक होतो. मेंदूच्या आवरणाच्या दाहात, म्हणजे मेनिंजायटिसमध्ये, हनुवटी छातीकडे नेणेच जवळपास अशक्य होते आणि जोडीला तीव्र डोकेदुखी, उलट्या, उजेड सहन न होणे किंवा गुंगी दिसते. असे चित्र असेल तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे.

मानेच्या एका बाजूला किंवा डोक्याच्या मागच्या भागात अचानक, पूर्वी कधीही न अनुभवलेल्या प्रकारची वेदना सुरू झाली आणि बोलणे अडखळणे, एकाच्या जागी दोन दिसणे, पापणी खाली येणे, चक्कर किंवा चेहऱ्याच्या एका बाजूला बधिरपणा असे काही त्यासोबत आले, तर मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचे अस्तर फाटलेले असण्याची शक्यता असते. छातीत दडपण आणि घाम यांच्यासोबत मान किंवा जबडा दुखत असेल, तर ते हृदयाचे दुखणे समजूनच पावले उचलावीत.

आता एका प्रश्नाकडे वळू, जो बहुतेक वेळा विचारलाच जात नाही: गेल्या काही दिवसांत कोणते नवे औषध सुरू झाले आहे का? उलटी-मळमळीवर दिले जाणारे मेटोक्लोप्रामाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन, तसेच मानसिक आजारांवरील हॅलोपेरिडॉलसारखी औषधे काही व्यक्तींमध्ये, विशेषतः तरुण वयात, स्नायूंना विचित्र पीळ आणतात. मान एकीकडे वळून तशीच अडकते, डोळ्यांची बुबुळे वर खेचली जातात, जबडा आवळतो किंवा जीभ बाहेर येऊ लागते. औषध सुरू केल्यापासून काही तासांत ते थोड्याच दिवसांत हे घडते. घरातले लोक घाबरून जातात आणि कधी कधी रुग्णावर नाटकीपणाचा आरोपही होतो. तो सर्वस्वी अन्यायाचा आहे. योग्य इंजेक्शन दिल्यावर हा पीळ बहुधा काही मिनिटांतच सुटू लागतो. म्हणून तातडीच्या विभागात जाताना घेतलेल्या गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे आणि ते औषध पुढे घ्यावे की नाही हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

लहान मुलांची वाकडी मान मोठ्यांपेक्षा अधिक गांभीर्याने घ्यावी. घशाचा संसर्ग झाल्यानंतर किंवा घसा-कानाच्या शस्त्रक्रियेनंतर मुलाची मान एकीकडे वळून राहिली, तर वरच्या दोन मणक्यांमधील बंध दाहामुळे सैल होऊन ते मणके एकमेकांवरून सरकलेले असू शकतात. घशाच्या मागे पू साठल्यास ताप येतो, गिळता न आल्याने लाळ गळते, आवाज बदलतो आणि मूल मान वळवायला तयार होत नाही. अशा मुलाची मान चोळणे किंवा ओढणे घातक ठरू शकते.

पहिला दिवस: वेदना आटोक्यात आणणे

वरीलपैकी काहीही नसेल आणि झोपेतून उठल्यावर किंवा एखाद्या साध्या हालचालीनंतर मान धरली असेल, तर ती सहसा काही दिवसांत, फार तर एक-दोन आठवड्यांत पूर्ववत होते. पहिले 24 ते 48 तास सर्वांत त्रासाचे असतात. हे आधीच ठाऊक असले की मन अर्धे निवांत होते आणि घाईघाईत चुकीचे उपाय केले जात नाहीत.

सर्वांत जास्त कळ अंथरुणातून उठताना निघते, कारण उताणे असताना डोके उचलले की मानेच्या पुढच्या स्नायूंवर पूर्ण वजन येते. त्याऐवजी आधी गुडघे दुमडावेत, खांदा आणि कंबर एकत्र वळवून कुशीवर यावे, वर असलेल्या हाताचा तळवा डोक्याच्या बाजूला लावून डोक्याला आधार द्यावा, पाय पलंगाखाली सोडावेत आणि खालच्या कोपराने अंथरुणावर रेटा देत बसते व्हावे. डोके शेवटपर्यंत धडाच्या रेषेत राहिले पाहिजे. झोपतानाही हाच क्रम उलटा करावा.

शेक देण्याने बहुतेकांना बरे वाटते. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून दुखऱ्या बाजूला 15 ते 20 मिनिटे ठेवावी आणि दिवसातून तीन-चार वेळा हे करावे. त्वचेला चटका बसता कामा नये, आणि मधुमेहामुळे संवेदना कमी झालेल्यांनी पिशवीची उष्णता दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावी. काहींना शेकापेक्षा बर्फ सोसवतो. बर्फ कापडात गुंडाळून 10 ते 15 मिनिटे लावला तरी चालते. दोन्हींपैकी कोणता उपाय श्रेष्ठ याचा वाद घालत बसण्यापेक्षा ज्याने स्नायू सैल झाल्यासारखे वाटते तो करावा.

वेदनाशामक गोळी घेण्यात संकोच करू नये. वेदना कमी झाली तरच मान हलवता येते आणि हललेली मानच लवकर सुटते. प्रौढ व्यक्तीला पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या 4 ते 6 तासांच्या अंतराने घेता येतात. दिवसभरात एकूण 4 ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये आणि यकृताचा आजार, फार कमी वजन किंवा नियमित मद्यपान असल्यास डॉक्टरांना विचारून प्रमाण कमी ठेवावे. सर्दी-तापाच्या अनेक मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, त्यामुळे नकळत दुप्पट मात्रा जाणार नाही याकडे लक्ष द्यावे. आयबुप्रोफेन अधिक उपयोगी पडू शकते, परंतु ते काही खाल्ल्यावर घ्यावे. पोटातील व्रण, मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार, रक्त पातळ करणारी औषधे, वेदनाशामकांनी वाढणारा दमा किंवा गरोदरपण असल्यास ते स्वतःहून घेऊ नये. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आणि मोजके दिवस घ्याव्यात, कारण त्यांपैकी बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते. गोळी घेतलेली असो वा नसो, मान दोन्ही बाजूंना मोकळी वळेपर्यंत वाहन चालवू नये.

मानेचा पट्टा फार गरज वाटल्यास पहिल्या दिवशी थोडा वेळ, उदाहरणार्थ प्रवासापुरता, वापरावा. तो दिवसचे दिवस बांधून ठेवल्यास स्नायू दुबळे होतात आणि मान हलवण्याची भीती मनात घर करते.

मान हलवायला कशी सुरुवात करावी

शेक घेतल्यानंतर किंवा गोळीचा परिणाम सुरू झाल्यावर, साधारण अर्ध्या-पाऊण तासाने, पहिली हालचाल करावी. ती झोपूनच करावी, कारण तेव्हा डोक्याचे वजन उशीवर असते आणि स्नायूंना तोलून धरण्याचे काम राहत नाही. पातळ उशीवर उताणे झोपून, डोके न उचलता, नाक ज्या बाजूला सहज जाते त्या बाजूला आधी हळूच वळवावे आणि मध्यावर आणावे. मग अडलेल्या बाजूला वळवावे, पण कळ सुरू होण्याच्या किंचित अलीकडे थांबावे. ही हालचाल अगदी दोन बोटे रुंदीची असली तरी पुरेशी आहे. श्वास सोडताना वळावे आणि घेताना परतावे, असे आठ-दहा वेळा करावे. दिवसा जागेपणी दर एक-दोन तासांनी हा क्रम पुन्हा केला, तर संध्याकाळपर्यंत नाक सकाळपेक्षा थोडे पुढे जाते. हा फरक बारीक असतो, म्हणून छतावरील किंवा भिंतीवरील एखादी खूण लक्षात ठेवून तिच्याशी ताडून पाहावे.

याच्या जोडीला खांदे कानांकडे उचलून सावकाश सोडणे आणि दोन्ही फरे मागे एकमेकांकडे ओढून सैल करणे, हे बसून करता येते. मान दुखत असताना खांदे नकळत वर चढलेले राहतात, आणि ते खाली आणल्यानेच काहींना निम्मा आराम मिळतो.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळ ओसरल्यावर हाताच्या विरोधाचा व्यायाम जोडावा. समजा, मान उजवीकडे वळत नाही. खुर्चीत ताठ बसून चेहरा उजवीकडे जाईल तेवढाच न्यावा, उजव्या हाताचा तळवा उजव्या गालावर ठेवावा आणि डोके उजवीकडेच ढकलण्याचा प्रयत्न करावा, मात्र हाताने ते जागचे हलू देऊ नये. जोर अगदी हलका, पूर्ण ताकदीच्या पाचव्या हिश्शाइतका असावा. पाच-सहा सेकंदांनी जोर सोडावा, एक दीर्घ श्वास घ्यावा आणि मग हात बाजूला घेऊन मान उजवीकडे थोडी पुढे जाते का ते पाहावे. एका बाजूचे स्नायू काम करू लागले की विरुद्ध बाजूचे सैल पडतात, या शरीराच्या मूळ गुणधर्माचा येथे उपयोग होतो. चार-पाच वेळा करून थांबावे. कळ निघाली तर जोर जास्त होता असे समजून तो निम्म्यावर आणावा आणि तरीही दुखत असेल तर हा व्यायाम एक दिवस पुढे ढकलावा.

स्नायू ताणण्याचे व्यायाम त्यानंतरच करावेत. पहिल्याच दिवशी हाताने डोके धरून खांद्याकडे खेचल्यास आवळलेला स्नायू आणखी आवळतो. चोळण्याच्या बाबतीतही हेच लागू आहे. तेल किंवा मलम लावून हलक्या हाताने वरून खाली फिरवणे सुखावह असते, पण अंगठ्याने खोल दाबून गाठ फोडण्याचा प्रयत्न करू नये, आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला, जिथे नाडी लागते तिथे, अजिबात दाब देऊ नये.

झटक्याने मान मोडण्याविषयी स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. कट्ट असा आवाज आला की मोकळे वाटते हे खरे असले, तरी जोरात वळवलेल्या मानेत मणक्यांतून वर जाणाऱ्या धमनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. असे क्वचित घडते, पण आपोआप बऱ्या होणाऱ्या दुखण्यासाठी एवढा धोका पत्करण्याचे काहीच कारण नाही.

आठवडा उलटूनही मान सुटत नसेल तर

आठवडाभरात लक्षणीय फरक पडला नाही, वेदना दंडापासून बोटांपर्यंत उतरू लागली, किंवा रात्री विश्रांतीतही ती वाढत असेल, तर डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. साध्या लचकलेल्या मानेला एक्स-रेची गरज सहसा नसते. तो काढलाच आणि अहवालात मानेचा नैसर्गिक बाक कमी झाला असल्याचे लिहिले, तर घाबरू नये, कारण स्नायू आवळलेले असताना असे दिसणे स्वाभाविक आहे. पुढे फिजिओथेरपीत हाताने केलेली सौम्य हालचाल आणि बेताने वाढवत नेलेले व्यायाम यांचा चांगला उपयोग होतो.

तान्ह्या बाळाची वाकडी मान

हा प्रकार वेगळा आहे आणि त्यात बाळाला सहसा वेदना नसते. जन्मतः किंवा पहिल्या काही आठवड्यांत एका बाजूचा स्टर्नोक्लिडोमॅस्टॉइड स्नायू आखूड राहिल्याने बाळाचे डोके एकीकडे झुकते आणि चेहरा दुसरीकडे वळलेला राहतो. बाळ एकाच बाजूने नीट दूध पिते, दुसऱ्या बाजूला घेतले की रडते, आणि डोक्याचा मागचा भाग एका कडेला चपटा होऊ लागतो, या गोष्टी आईच्या लक्षात सर्वांत आधी येतात. स्नायूत लहान गाठ लागली तर ती बहुधा हळूहळू विरते, पण ती डॉक्टरांना दाखवून घ्यावी. अशा बाळांत खुब्याच्या सांध्याचा दोषही असू शकतो, म्हणून तोही तपासला जातो.

उजवा स्नायू आखूड असेल तर बाळाला उजवीकडे पाहायला लावायचे असते. खेळणे, आवाज, खोलीतील उजेड आणि पाजण्याची बाजू त्यानुसार ठरवावी, आणि बाळ जागे असताना, कोणी समोर असतानाच, त्याला रोज पोटावर खेळवावे. स्नायू ताणण्याची पद्धत फिजिओथेरपिस्टकडून प्रत्यक्ष हातात शिकून घ्यावी. पहिल्या काही महिन्यांतच हे सुरू केले तर बहुतांश बाळांना शस्त्रक्रिया लागत नाही. ती साधारण वर्षभर व्यायाम करूनही मान वळत नसेल तर विचारात घेतली जाते. मान मोकळी वळत असूनही मूल डोके तिरके धरत असेल, तर डोळ्यांची तपासणी करावी, कारण डोळ्याच्या एखाद्या स्नायूच्या दुबळेपणामुळे दुहेरी दिसू नये म्हणून मुले डोके झुकवतात.

मान पुन्हा पुन्हा स्वतःहून वळत असेल तर

प्रौढपणी, बहुधा तिशीनंतर, काहींची मान आठवड्यांमागून आठवडे हळूहळू एका बाजूला खेचली जाऊ लागते, कधी तिच्यात थरथर असते, आणि ताणतणावात ती वाढून झोपेत शांत होते. हा सर्व्हायकल डिस्टोनिया होय. तो मेंदूतील हालचालींच्या नियंत्रणाशी निगडित असल्याने शेक आणि व्यायामाने जात नाही. त्याची एक विलक्षण खूण अशी की हनुवटीला किंवा गालाला नुसते बोट टेकवले तरी मान क्षणभर सरळ होते. बोटात जोर नसतो, केवळ स्पर्शाने हे घडते. ही खूण आढळल्यास मेंदूविकारतज्ज्ञांना भेटावे. ज्यांची वाकडी मान वर्षानुवर्षे सवय किंवा मनाचा खेळ म्हणून हिणवली गेली, त्यांना नेमके निदान मिळणे हाच मोठा दिलासा असतो. निवडक स्नायूंत बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शने हा यावरील मुख्य उपचार असून त्यांचा परिणाम एक-दोन आठवड्यांत जाणवतो आणि साधारण तीन महिने टिकतो, म्हणून ती पुन्हा घ्यावी लागतात. इंजेक्शननंतर गिळताना अडचण आल्यास लगेच कळवावे. इतर उपायांनी न दबणाऱ्या आजारात मेंदूत खोलवर विद्युत उत्तेजन देण्याची शस्त्रक्रियाही उपलब्ध आहे.

पुन्हा मान धरू नये म्हणून

उशीची उंची झोपण्याच्या पद्धतीवर ठरवावी. कुशीवर झोपणाऱ्याची उशी खांद्याच्या टोकापासून मानेपर्यंतची पोकळी भरून काढेल इतकी उंच हवी, तर उताणे झोपणाऱ्याला त्याहून पातळ उशी लागते. कुशीवर झोपल्यावर नाक छातीच्या मध्यरेषेच्या सरळ रेषेत आहे का, हे घरातल्या कोणाला तरी पाहायला सांगावे. पालथे झोपल्याने मान तासन्‌तास एकीकडे पूर्ण वळलेली राहते, त्यामुळे ज्यांची मान वारंवार धरते त्यांनी ही सवय सर्वांत आधी सोडावी. बसून काम करताना पडदा समोर आणि डोळ्यांच्या पातळीजवळ असावा. तो कायम एका बाजूला ठेवून मान वळवून पाहण्याची सवय फोनकडे वाकून पाहण्याइतकीच त्रासदायक आहे. फोन कान आणि खांद्यात धरून बोलू नये आणि अर्ध्या तासाने उठून खांदे व मान दोन-चार वेळा मोकळी हलवावी.

एवढे करूनही दर काही महिन्यांनी मान धरत असेल, तर प्रत्येक वेळी कोणती बाजू धरली, आदल्या दिवशी काय काम किंवा प्रवास झाला, कोणते औषध घेतले होते आणि मान किती दिवसांनी मोकळी झाली, हे लिहून ठेवावे आणि तपासणीला जाताना तो कागद डॉक्टरांपुढे ठेवावा.